५,८०० वजा ४,६०० : ॲम्ब्युलन्सच्या इतिहासातली एक वजाबाकी

सुरुवातीलाच तीन आकडे देते, ते वहीत टिपून ठेवा. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात १९६८ साली ‘फ्रीडम हाउस’ नावाची ॲम्ब्युलन्स सेवा रस्त्यावर आली. पहिल्या वर्षात तिने जवळजवळ ५,८०० कॉल घेतले. ४,६०० हून जास्त रुग्ण हॉस्पिटलात पोचवले. आणि दोनशेहून जास्त जीव वाचवले, असा हिशोब सेवेचे वैद्यकीय मार्गदर्शक डॉ. पीटर साफर यांनी गोळा केलेल्या माहितीवरून मांडला जातो.

या सेवेबद्दल तुम्ही काहीही वाचायला घेतलंत तरी तिसरा आकडा तुम्हाला हमखास भेटेल. पहिले दोन त्याच्या आधी घाईघाईत येऊन जातात. मीही कितीतरी दिवस तसंच वाचत होते. मग एके दिवशी सहज पहिल्यातून दुसरा वजा केला. साधारण १,२०० उरले. म्हणजे दर पाच कॉलमागे एक कॉल असा, की गाडी गेली पण रुग्ण गाडीत आला नाही. (हिशोब अगदी काटेकोर नाही. एका अपघातात तीन जखमी असले तर एका कॉलमागे तीन रुग्ण होतात. पण ढोबळ मानाने चालेल.)

त्या बाराशे ठिकाणी काय झालं असेल? कुणी आधीच गेलेलं असेल. कुणी ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून दार लावून घेतलं असेल. कुठे गाडी पोचायच्या आधी पोलीस रुग्णाला घेऊन गेले असतील. कुठे पत्ता चुकीचा, कुठे जागेवरच बरं वाटलं, कुठे फोनच खोटा. आकडा एकच, पण त्याच्या पोटात किमान सहा वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आणि त्या प्रत्येक गोष्टीत गाडीतल्या माणसांना उभ्या उभ्या काहीतरी ठरवावं लागलं होतं.

आजचा लेख त्या ठरवण्याबद्दल आहे. संशोधनाला बसणार असाल तर हे आधी लक्षात घ्या, की आपल्याला कागदावर बहुतेक वेळा निकाल सापडतो. निर्णय सापडत नाही. निर्णय कुठे शोधायचा, ते या सेवेच्या निमित्ताने बघू.

आधी ॲम्ब्युलन्स म्हणजे काय होतं?

१९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. त्यात एक वाक्य आहे, जे पहिल्यांदा वाचलं की थांबायला होतं. देशातल्या साधारण निम्म्या ॲम्ब्युलन्स सेवा अंत्यसंस्कार करणारे व्यावसायिक चालवत होते, आणि अशा व्यावसायिकांची संख्या बारा हजार होती. कारण अगदी साधं. माणसाला आडवं झोपवून नेता येईल एवढी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची.

पिट्सबर्गमध्ये हे काम पोलिसांकडे होतं. कैद्यांना न्यायची बंद गाडी यायची, दोन पोलीस रुग्णाला कॅनव्हासच्या स्ट्रेचरवर टाकून मागे सरकवायचे, आणि दोघंही पुढे जाऊन बसायचे. मागे रुग्ण एकटा. श्वास चालू आहे की नाही हे बघायला कुणी नाही. ज्या वस्तीचा पोलिसांवर विश्वास नाही, तिथे ही गाडी बोलवायलाही लोक कचरायचे.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी शहराचे माजी महापौर आणि पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स एका प्रचारसभेत भाषण करताना कोसळले. त्यांनाही पोलिसांच्याच गाडीतून नेलं. हॉस्पिटलात हृदय पुन्हा सुरू झालं, पण मेंदूला वेळेवर ऑक्सिजन मिळाला नव्हता. २१ नोव्हेंबरला ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत डॉ. साफर होते. मूळचे व्हिएन्नाचे. तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीवर १९५० च्या दशकात ज्यांनी मूलभूत प्रयोग केले, ते हेच. त्याच वर्षी त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली होती. रस्त्यावरची पहिली काही मिनिटं काय करतात, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसरीकडे, हिल डिस्ट्रिक्ट नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती. १९५० च्या दशकात तिचा खालचा भाग ‘विकासा’साठी पाडला गेला आणि साधारण आठ हजार लोक उठवले गेले. तिथे फ्रीडम हाउस एंटरप्रायझेस ही संस्था रोजगारासाठी धडपडत होती. फॉक मेडिकल फंड या निधीचे प्रमुख फिल हॅलन यांनी साफर आणि ही संस्था यांची गाठ घालून दिली. वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना ॲम्ब्युलन्सच्या कामाचं शिक्षण द्यायचं, अशी कल्पना निघाली. काहींचं हायस्कूलही पूर्ण झालं नव्हतं. साफर यांनी त्यांच्यासाठी सुमारे तीनशे तासांचा अभ्यासक्रम बनवला. शरीररचना, श्वास, रक्तस्राव, गाडी कशी चालवायची, सगळं त्यात आलं.

त्याच सुमाराला समुद्रापलीकडे बेलफास्टमध्ये वेगळा प्रयोग चालू होता. फ्रँक पँट्रिज या हृदयरोगतज्ज्ञांनी १९६६ मध्ये हॉस्पिटलचा हृदयविभागच जणू गाडीत बसवला. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा, साधारण ७० किलो वजनाचा डिफिब्रिलेटर, आणि सोबत डॉक्टर व नर्स. दोन्ही प्रयोगांमागचा विचार एकच, की उपचार हॉस्पिटलच्या दारात नव्हे तर रुग्णापाशी सुरू व्हायला हवेत. पण गाडीत कोण असावं, याची उत्तरं वेगळी. बेलफास्टने डॉक्टर पाठवला. पिट्सबर्गने वस्तीतल्या मुलांना शिकवलं. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला महाराष्ट्रात परत यायचं आहे.

तिसरा मजला, अरुंद जिना

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. हा कुठल्या नोंदीतून घेतलेला नाही, फक्त समजण्यासाठी. तुम्ही दोघं आहात. जुनी इमारत, तिसरा मजला, जिना एवढा अरुंद की स्ट्रेचर वळवताना भिंतीला घासतं. खोलीत पन्नाशीचा माणूस जमिनीवर पडलेला. बोलत नाही. बायको रडतेय, मुलगा ओरडतोय, ‘बघत काय बसलात, उचला आधी!’ हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे.

उचलायचं की थांबायचं?

हृदय थांबलं असेल तर थांबायचं. छाती दाबायची, श्वास द्यायचा, तिथेच. कारण जिन्यावरून उतरवताना छाती नीट दाबता येत नाही, आणि मेंदूला ऑक्सिजन न मिळता चार-पाच मिनिटं गेली की कायमची इजा सुरू होते. मुलगा कितीही ओरडला तरी थांबायचं.

पण त्याच माणसाच्या शर्टाखाली पोटात भोसकल्याची जखम निघाली तर? मग थांबणं हीच चूक. आतला रक्तस्राव बाहेरून दाबून थांबत नाही. त्याला सर्जन हवा. उचला आणि निघा.

आणि हेरॉइन जास्त झाल्यामुळे श्वास मंदावला असेल तर? मग आधी मास्क लावून श्वास द्यायचा. श्वास सावरला की बाकीचं शांतपणे करता येतं.

आता यातली खरी अडचण बघा. दारातून आत शिरताना हे तिघंही सारखेच दिसतात. पडलेला माणूस, ओरडणारे नातेवाईक. फरक कळायला पंधरा-वीस सेकंद शांतपणे हात लावून बघावं लागतं, आणि नेमकी ती शांतता बघणाऱ्यांना निष्काळजीपणासारखी दिसते. ॲम्ब्युलन्सच्या कामातला हा रोजचा ताप आहे. बरोबर काम करताना चुकीचं काम केल्यासारखं दिसतं. पोलिसांची जुनी गाडी उलट होती. धावत यायची, उचलायची, सुसाट जायची. बघणाऱ्याला वाटायचं, वा, काय तत्परता.

नोंदपत्रकावर यातलं काय उतरतं? कॉल किती वाजता आला, गाडी किती वाजता पोचली, किती वाजता निघाली, हॉस्पिटलात किती वाजता. समजा ‘घटनास्थळी १८ मिनिटं’ असं दिसलं. ती अठरा मिनिटं छाती दाबण्यात गेली? जिन्यावर गेली? की रुग्ण ‘येत नाही’ म्हणत होता म्हणून गेली? वेळ तीच, अर्थ तीन. हे पत्रक हातात आलं की लगेच ‘सरासरी विलंब’ काढायला बसू नका.

तक्रार हा पुरावा आहे

फ्रीडम हाउसच्या लोकांच्या आठवणी आज उपलब्ध आहेत. जॉन मून यांच्यासारखे कर्मचारी पुढे अनेक ठिकाणी बोलले. त्यांच्यावर माहितीपट झाला, पुस्तक आलं. त्यात तक्रारी पुष्कळ आहेत. मी सुरुवातीला त्या ‘भावनिक भाग’ म्हणून वेगळ्या काढून ठेवायचे आणि आकड्यांकडे वळायचे. माझी ती चूक होती. एकेक तक्रार घेऊन बघा.

पहिली तक्रार अशी, की पोलीस कॉल आमच्याकडे वळवत नाहीत. मग ही मंडळी पोलिसांचा रेडिओ ऐकत बसायची आणि त्यांच्या आधी पोचायचा प्रयत्न करायची. आता ही माहिती घेऊन आपल्या वजाबाकीकडे परत या. ‘गाडी गेली, पण रुग्ण मिळाला नाही’ अशा नोंदींमागे काही वेळा ही शर्यत असू शकते. तक्रार माहीत नसेल तर तुम्ही त्या नोंदीला ‘खोटा कॉल’ म्हणून मोकळे व्हाल.

दुसरी तक्रार, रुग्णच हात लावू देत नाही. शहराच्या मध्यभागी गोऱ्या रुग्णांकडून असे अनुभव आल्याचं ही मंडळी सांगतात. हॉस्पिटलात काही जण त्यांना वॉर्डबॉय समजायचे. आता तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? छातीत दुखतंय, घाम फुटलाय, आणि माणूस म्हणतोय तू मला हात लावायचा नाहीस. नकार देण्याचा हक्क त्याचा आहे. पण तो नकार समजून-उमजून दिलेला आहे की भीतीने, की द्वेषाने? समजावत बसायचं किती वेळ? कागदावर याची नोंद बहुतेक एका शब्दात होणार, ‘नकार’. त्या शब्दामागे अर्धा तास असू शकतो.

तिसरी तक्रार जगातल्या कुठल्याही ॲम्ब्युलन्सवाल्याला विचारा, ऐकायला मिळेल. ‘लोक आम्हाला टॅक्सी समजतात.’ ताप आहे म्हणून बोलावलं, पाय मुरगळला म्हणून बोलावलं. चीड येणं साहजिक आहे, कारण तेवढ्या वेळात दुसरीकडे खरंच कुणीतरी कोसळलेलं असू शकतं. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे कर्मचाऱ्याच्या बाजूने लगेच मान डोलवू नये. ज्या घरात मोटार नाही, जवळ दवाखाना नाही, रात्री डॉक्टर येत नाही, त्या घराला आरोग्यव्यवस्थेचं एकच दार माहीत असतं, ते म्हणजे फोन केल्यावर येणारी गाडी. ‘अनावश्यक कॉल’ ही नोंद रुग्णाबद्दल जेवढं सांगते, त्याहून जास्त त्या वस्तीत आणखी काय काय नाही याबद्दल सांगते.

म्हणजे तक्रारीतून आपल्याला व्यवस्थेच्या शिवणी दिसतात. कुठे टाका घातलेला नाही ते तिथे कळतं. आठवणी चाळीस-पन्नास वर्षांनी सांगितलेल्या असतात, त्यात नंतरचं बरंच मिसळतं, हे मान्य. म्हणून त्या एकट्या घेऊ नका. पत्रकासमोर ठेवून वाचा. पत्रकातली रिकामी जागा आठवण भरते, आणि आठवणीतल्या वेळा पत्रक दुरुस्त करतं.

माझं पहिलं टिपण आणि समासातला प्रश्न

या विषयावरचं माझं पहिलं टिपण एका सरळ रेषेत होतं. आधी अज्ञान, मग साफर, मग ज्ञान. पोलिसांची ‘उचला आणि पळा’ पद्धत म्हणजे अंधारयुग, फ्रीडम हाउसची ‘थांबा आणि उपचार करा’ पद्धत म्हणजे उजेड. गाइडनी समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं, ‘कुठल्या रुग्णासाठी?’

मला राग आला होता, खरं सांगते. पण त्या प्रश्नामागे गेले तेव्हा त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातलं दुसरं शहर समोर आलं, फिलाडेल्फिया. तिथे १९८० च्या दशकापासून पोलिसांना मुभा आहे, की गोळी लागलेला किंवा भोसकलेला माणूस दिसला तर ॲम्ब्युलन्सची वाट न बघता स्वतःच्या गाडीत घालून ट्रॉमा सेंटरला न्यावं. म्हणजे पिट्सबर्गमध्ये जे बदलण्यासाठी एवढी धडपड झाली, जवळजवळ तेच! आणि २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी चार हजारांहून जास्त जखमींची माहिती तपासली, तेव्हा जखमांची तीव्रता लक्षात घेतल्यावर पोलिसांनी आणलेल्या आणि ॲम्ब्युलन्सने आणलेल्या रुग्णांच्या मृत्युदरात एकंदरीत लक्षणीय फरक दिसला नाही.

याचा अर्थ साफर चुकले, असा नाही. लॉरेन्स यांचं हृदय थांबलं होतं, त्यांना गोळी लागली नव्हती. गोळी लागलेल्याला मिनिटं हवीत, हृदय थांबलेल्याला हात हवेत. ‘थांबणं चांगलं की पळणं’ हा प्रश्नच अर्धवट आहे. आणि १९६६ च्या पोलिसांची चूक पळण्यात नव्हती, प्रत्येकाला घेऊन सारखंच पळण्यात होती. मागे कुणी बसलं नसल्यामुळे त्यांना रुग्णारुग्णांत फरकच करता येत नव्हता.

तुमच्या विषयात अशी सरळ रेषा दिसली, की आधी सगळं चुकीचं आणि मग सगळं बरोबर, तर तिथे थांबून समासातला प्रश्न स्वतःला विचारा. कुणासाठी? कुठल्या परिस्थितीत? आणि आणखी एक, जो त्यानंतर मी स्वतः जोडला. ठरवणाऱ्याला त्या क्षणी काय माहीत होतं? आपल्याला शेवट माहीत असतो. त्याला फक्त पडलेला माणूस दिसत असतो.

मग त्या दोनशे जिवांचं काय?

‘दोनशेहून जास्त जीव वाचवले’ या आकड्याकडेही याच नजरेने बघायला हवं. जीव वाचला म्हणजे नक्की काय? हॉस्पिटलात पोचेपर्यंत श्वास चालू होता, की तो माणूस चालत घरी गेला? पोलिसांच्या गाडीने नेलं असतं तर तो वाचला नसता, हे कसं ठरवायचं? असा आकडा हा शेवटी एका जाणकार माणसाचा अंदाज असतो. आणि तो मांडायची गरजही होती. शहराकडून पैसे मिळवायचे, ‘शाळा अर्धवट सोडलेल्या पोरांना हे जमणार नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचं, तर हातात आकडा हवाच.

हे सांगून मी त्या कामाची किंमत कमी करत नाहीये. उलट. दोनशे हा आकडा खरा की खोटा यावर वाद घालत बसलं, तर उरलेले साडेपाच हजार प्रसंग नजरेआड होतात. त्यांत कुणी मेलं-वाचलं नसेल, पण वृद्ध बाईला नीट धरून जिना उतरवला गेला, कुणाच्या मोडलेल्या हाताला फळी बांधली गेली, कुणाशी कुणीतरी नीट बोललं. आधीच्या गाडीत हे होत नव्हतं. यासाठी ‘वाचवले’ असा रकाना नसतो.

१९७५ : निर्णय कुणाचा, ज्ञान कुणाचं

१९७० च्या दशकाच्या मध्याला डॉ. नॅन्सी कॅरोलाइन या सेवेच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या. त्या कर्मचाऱ्यांबरोबर गाडीत फिरायच्या, रेडिओवरून सूचना द्यायच्या, त्यांच्याकडून शिकायच्याही. अमेरिकेच्या परिवहन खात्यासाठी पॅरामेडिकचा पहिला राष्ट्रीय अभ्यासक्रम तयार करण्याचं काम त्यांच्याकडे आलं, आणि तो घडला फ्रीडम हाउसच्या कामातून. पुढे रस्त्यावरच्या तातडीच्या उपचारांवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक पॅरामेडिकच्या पिढ्यांनी वापरलं.

आणि तेव्हाच ही सेवा बंद होत होती. महापौर पीट फ्लॅहर्टी यांनी शहराची स्वतःची सेवा उभी केली आणि १५ ऑक्टोबर १९७५ ला फ्रीडम हाउस थांबलं. कर्मचाऱ्यांना नव्या सेवेत घेण्याचं ठरलं खरं. पण मग परीक्षा आल्या, पूर्वीच्या गुन्ह्यांची तपासणी आली, कमी अनुभवाच्या लोकांच्या हाताखाली नेमणुका झाल्या. एकेक करून बरेच जण बाहेर पडले. जॉन मून टिकले, पुढे त्याच शहराच्या सेवेत सहायक प्रमुखपदापर्यंत गेले. पण ते अपवाद.

हा भाग मला अजूनही नीट लिहिता येत नाही. ज्यांनी अरुंद जिन्यांवर उभं राहून ‘उचलायचं की थांबायचं’ हे हजारो वेळा ठरवलं, त्यांच्या निर्णयांतून अभ्यासक्रम तयार झाला. आणि तसल्याच लेखी परीक्षांत त्यांना नापास ठरवायची सोय झाली. हाताने केलेला निर्णय एकदा पुस्तकात गेला की तो ‘ज्ञान’ होतो, आणि करणारा माणूस ‘अपात्र’ होऊ शकतो. तुम्ही आरोग्याचा इतिहास करा, शेतीचा करा नाहीतर गिरणगावाचा, हे तुम्हाला कुठे ना कुठे भेटेलच. भेटलं की तळटीपेत ढकलू नका.

आता आपल्या रस्त्यावर

महाराष्ट्रात १०८ ची सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. ९३७ गाड्या. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक, ७०४ मूलभूत जीवरक्षक. आपल्या सेवेचं एक वेगळेपण म्हणजे गाडीत डॉक्टर असतो. ड्रायव्हरला ‘पायलट’ म्हणतात. म्हणजे गाडीत कोण असावं या प्रश्नाला आपण पिट्सबर्गपेक्षा बेलफास्टच्या जवळचं उत्तर दिलं. का दिलं? आपल्याकडे डॉक्टर नसलेल्या माणसाच्या निर्णयावर विश्वास ठेवायला कायदा, समाज की वैद्यकीय संघटना तयार नव्हत्या? की डॉक्टर उपलब्ध होते म्हणून? आणि पायलट रोज जे ठरवतो, म्हणजे कुठला रस्ता घ्यायचा, गर्दी कशी हटवायची, ‘दादा, सरकारीत नको, आमच्या डॉक्टरांकडे घ्या’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना कसं समजवायचं, त्याची नोंद कुठल्या रकान्यात होते?

हॉस्पिटलच्या दारावरचा प्रश्नही आपला स्वतःचा आहे. स्कूटरवरून जाताना जखमी झालेल्या माणसाला एका हॉस्पिटलने ‘ही पोलीस केस आहे’ म्हणून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलकडे पाठवलं आणि तो वाटेत गेला, या घटनेतून परमानंद कटारा यांची याचिका उभी राहिली. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कार नंतर. निकालाची तारीख आपल्याला मिळते. त्याआधीच्या वर्षांत किती गाड्या दारावरून परत फिरल्या आणि ‘आता कुठे न्यायचं’ हे कुणी ठरवलं, ते शोधायला मात्र कुणाला तरी बसावं लागेल. ते काम मराठीत करता येण्यासारखं आहे. पायलट, परिचारक, जुने ड्रायव्हर आपल्याच गावात आहेत, आणि चहा पाजलात तर बोलतातही.

बोलायला जाल तेव्हा एक करा. ‘तुमचा सर्वात मोठा अनुभव सांगा’ असं विचारू नका. त्याचं उत्तर तयार असतं, आणि ते दोनशेच्या आकड्यासारखं असतं, खरं पण घासून गुळगुळीत झालेलं. त्याऐवजी विचारा, ‘काल रात्रीच्या शिफ्टमध्ये कुठला कॉल रिकामा गेला?’ आणि मग, ‘तिथे पोचल्यावर आधी काय बघितलंत?’ मधे बोलू नका. वेळा, जिने, माणसांचं बोलणं, जसं येईल तसं लिहून घ्या. घरी आल्यावर त्या दिवशीचं नोंदपत्रक मिळत असेल तर शेजारी ठेवा, पण रुग्णाचं नाव वहीत उतरवू नका. आणि दोन्हींत जे जुळत नाही, त्यावर खूण करा. तुमचं पहिलं प्रकरण बहुतेक त्या खुणांपासून सुरू होईल.